गर्भारपणातली शुगर, अँटिबायोटिक, सिझर आणि बाळाच्या आतड्यातले जंतू

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २९, पहिलंच बाळंतपण, ३१वा आठवडा चालू. पाचव्या महिन्यात लघवीचं इन्फेक्शन झालं म्हणून अँटिबायोटिकचा कोर्स घ्यावा लागला. पुढच्या तपासणीत शुगर वाढलेली निघाली, आता पथ्य आणि मेटफॉर्मिन चालू आहे. बाळ वजनाला जास्त भरतंय, त्यामुळे सिझर करावं लागेल असं डॉक्टर म्हणाल्या. त्यातच मोबाइलवर वाचण्यात आलं की आईच्या पोटातले चांगले जंतू बिघडले की बाळाचेही बिघडतात आणि पुढे दमा, ॲलर्जी, लठ्ठपणा मागे लागतो. तर आत्तापासून प्रोबायोटिक, म्हणजे जिवंत चांगल्या जंतूंचं औषध, घ्यावं का, बाळाला जन्मल्यावर थेंब द्यावेत का, आणि त्याचे जंतू ठीक आहेत हे कळणार कसं?

आधी त्या अँटिबायोटिकचं ओझं मनावरून उतरवा. गर्भारपणात लघवीत जंतू सापडले तर ते अंगावर काढायचे नसतात. जळजळ नसली तरी औषध देतात, कारण तेच जंतू वर मूत्रपिंडापर्यंत चढले की थंडी वाजून ताप, सलाइन, ॲडमिट होणं आणि कधी अपुऱ्या दिवसांची प्रसूती, इथवर मजल जाते. अपुऱ्या दिवसांचं बाळ म्हणजे काचेची पेटी, शिरेतून अँटिबायोटिक आणि नळीने दूध. नुसत्या जंतूंच्या हिशेबाने पाहिलं तरी तुमचा तो एक कोर्स यापुढे किरकोळ आहे. शिवाय या दुखण्यावर नेहमी देतात त्यातलं नायट्रोफ्युरँटॉइन आतड्याच्या वरच्या भागातच शोषलं जातं आणि लघवीत उतरतं. मोठ्या आतड्यात, जिथे जंतूंची खरी वस्ती असते, तिथे त्याचा फारसा उपद्रव होत नाही. तुम्हाला दुसरी एखादी गोळी दिली असेल तरी पाचव्या महिन्यापासून प्रसूतीपर्यंत तीन-चार महिने मिळतात. तेवढ्यात मोठ्या माणसाचं आतडं बऱ्यापैकी सावरतं.

मोबाइलवरच्या बहुतेक लेखांत एक गोष्ट ठोकून दिलेली असते: बाळाला पोटात असतानाच वारेतून जंतू मिळतात. याचा उगम आहे २०१४चा अमेरिकेतला एक अभ्यास. वारेत जंतूंचा डीएनए सापडला अशी ती बातमी होती आणि ती खूप गाजली. पण वारेत जे काही असेल ते इतकं नगण्य असतं की तपासणीच्या रसायनांतलीच, किटमधलीच जंतूंची धूळ मोजली जाण्याची भीती असते. केंब्रिजच्या गटाने ५३७ स्त्रियांच्या वारेचे नमुने दोन वेगवेगळ्या पद्धतींनी आणि जोडीला रिकामे नमुने लावून तपासले. २०१९मध्ये त्यांचा निष्कर्ष आला: वारेला स्वतःची अशी जंतूंची वस्ती नसते. सुमारे ५ टक्के नमुन्यांत ‘ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस’ हा एक रोगजंतू मात्र खरोखरच सापडला. निरोगी गर्भ जंतूविरहित असतो, असंच आता बहुतेक अभ्यासक मानतात. म्युनिकमध्ये थिओडोर एशेरिच यांनी १८८५च्या सुमारास नवजात बाळांची पहिली काळी शी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली होती. जन्मतः त्यात जंतू नसतात आणि काही तासांत दिसू लागतात, हे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं होतं. आपल्या ओळखीचा ई. कोलाय त्यांनी याच कामात शोधला आणि त्याच्या नावातला ‘ई’ त्यांचाच.

तेव्हा तुमच्या शुगरने पोटातल्या बाळाचे जंतू बिघडलेले नाहीत. बिघडायला अजून ते आलेलेच नाहीत.

मग आईच्या तब्येतीचा संबंध येतो कुठून? मला त्यात तीन वाटा दिसतात. दोन प्रयोगशाळेतल्या आहेत. तिसरी आमच्या वॉर्डातली आहे आणि ती सर्वांत मोठी, असं माझं मत आहे.

पहिली वाट रक्तातून. आईच्या आतड्यातले जंतू तिने खाल्लेल्या चोथ्यापासून काही आम्लं तयार करतात. ती आणि जंतूंचे इतर सूक्ष्म अंश, आईच्या प्रतिपिंडांसह, वार ओलांडून बाळापर्यंत जातात. स्वित्झर्लंडमध्ये बर्नच्या संशोधकांनी २०१६मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. जंतूविरहित वाढवलेल्या गाभण उंदरीणींना त्यांनी असा जंतू दिला की जो काही दिवसांत आपोआप नाहीसा होतो. पिल्लं जन्मली तेव्हा आई पुन्हा जंतूविरहित होती, तरीही पिल्लांच्या आतड्यातली संरक्षक व्यवस्था जास्त तयार झालेली निघाली. म्हणजे जंतू न पोचताही त्यांचा निरोप पोचतो. पण हे उंदरांत. माणसात हा परिणाम किती आणि तो किती टिकतो यावरून आज कोणी तुम्हाला पथ्याचा तक्ता देत असेल तर तो त्याच्या मनाचा आहे.

दुसरी वाट म्हणजे आईच्या स्वतःच्या जंतूंची. प्रसूतीच्या वेळी बाळाला पहिले जंतू तिच्याकडूनच मिळायचे, म्हणून तिच्याकडे कोणते आहेत याला महत्त्व. इथे एक गंमत आहे. फिनलंडमधल्या ९१ गर्भवतींचा अभ्यास २०१२मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या तीन महिन्यांतले आणि शेवटच्या तीन महिन्यांतले जंतू यांत बराच फरक पडलेला होता, आणि मधुमेह नसलेल्या बायकांतही पडलेला होता. शेवटच्या तिमाहीतले जंतू उंदरांना दिले तर उंदरांची चरबी वाढली आणि इन्शुलिन कमी चालू लागलं. एरवी याला आपण बिघाड म्हटलं असतं. गर्भारपणात हाच बदल बाळाला पोसण्यासाठी कामाचा असू शकतो. मधुमेह असलेल्या आणि नसलेल्या मातांच्या बाळांच्या पहिल्या शीमध्ये फरक दाखवणारे अभ्यास आहेत, नाही असं नाही. पण त्यांतल्या बऱ्याच आया वजनाने जास्त असतात, सिझर झालेल्या असतात, मेटफॉर्मिनवर असतात, आणि मेटफॉर्मिन स्वतःच आतड्यातले जंतू बदलतं. मग फरकाचं माप कोणाच्या पदरात घालायचं? म्हणून या कारणासाठी गोळी बंद करण्याचा विचारही करू नका. तुमची शुगर उपाशीपोटी ९५च्या आत आणि जेवणानंतर दोन तासांनी १२०च्या आत राहणं हे बाळाच्या वजनासाठी, श्वासासाठी, सगळ्यासाठीच महत्त्वाचं आहे.

तिसऱ्या वाटेकडे यायच्या आधी प्रसूतीच्या वेळी काय घडतं ते बघू.

नैसर्गिक प्रसूतीत बाळ आईच्या योनीमार्गातले जंतू अंगाला माखून बाहेर येतं आणि तेच आतड्यात रुजतात, असं आपण वर्षानुवर्षं सांगत आलो. अलीकडच्या कामाने हे चित्र बदललं. टिकून राहणारे जंतू मुख्यतः आईच्या आतड्यातले असतात, म्हणजे स्पष्ट सांगायचं तर तिच्या शौचातले. कळा देताना ते बाळाच्या तोंडापर्यंत जातात. ऐकायला किळसवाणं वाटेल, पण निसर्गाने जागांची रचना तशीच केली आहे. ब्रिटनमध्ये ५९६ बाळांचे नमुने पाहिले गेले, तो अभ्यास २०१९मध्ये आला. सिझरच्या बाळांमध्ये आईकडून येणारे बॅक्टेरॉइड्स जंतू पहिल्या आठवड्यांत जवळजवळ नव्हतेच. त्यांच्या जागी रुग्णालयात वावरणारे एन्टेरोकॉकस, क्लेब्सिएला असले जंतू जास्त होते. एसटीत जसं आधी चढलेला रुमाल टाकून जागा धरतो, तसं आधी पोचलेला जंतू जागा धरतो. सिझरमध्ये आईचे जंतू मागे राहतात आणि दवाखान्यातले आधी चढतात.

आपल्याकडे हे जास्त गांभीर्याने घ्यायला हवं. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांतल्या नवजात बाळांच्या जंतुसंसर्गाचा अभ्यास २०१६मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सर्वांत जास्त सापडलेले जंतू होते ॲसिनेटोबॅक्टर आणि क्लेब्सिएला, आणि नेहमीच्या अँटिबायोटिकना दाद न देणारे. त्यामुळे युरोपातल्या बाळाच्या आतड्यात रुग्णालयातला जंतू बसणं आणि आपल्या बाळाच्या आतड्यात बसणं यात फरक आहे.

तरीही सिझर म्हणजे जन्मभराचं नुकसान, असं समजू नका. ब्रिटनच्या त्याच अभ्यासात सहा ते नऊ महिन्यांपर्यंत दोन्ही गटांतला बराचसा फरक पुसला गेला होता, बॅक्टेरॉइड्सची उणीव तेवढी थोडी जास्त रेंगाळली. दम्याबद्दल तुम्ही विचारलंत. डेन्मार्कमध्ये ७०० मुलांचा जन्मापासून पाठपुरावा केला गेला. त्यात सिझरने जन्मलेल्या सगळ्याच मुलांत दम्याचा धोका वाढलेला नव्हता. वर्षाचं होईपर्यंतही ज्यांचे जंतू ‘सिझरसारखे’च राहिले होते त्यांच्यात तो जास्त दिसला. ज्यांचे जंतू वर्षभरात वळणावर आले त्यांच्यात दिसला नाही. म्हणजे जन्मानंतरचं वर्ष हातात असतं.

सिझरच्या आधी आईला अँटिबायोटिकचं इंजेक्शन देतात. ते छेद घेण्याआधी द्यावं अशी शिफारस आहे, कारण त्यामुळे आईच्या जखमेत पू होण्याचं प्रमाण कमी होतं. ‘नाळ कापल्यावर द्या, म्हणजे बाळाला लागणार नाही’ असा आग्रह काही घरांतून आता होऊ लागलाय. नेदरलँड्समध्ये नेमकं हेच करून पाहिलं: काही आयांना आधी, काहींना नाळ कापल्यावर. बाळांच्या जंतूंत सांगण्यासारखा फरक पडला नाही. सिझरचा स्वतःचा परिणामच एवढा मोठा असतो की त्या एका इंजेक्शनने त्यात भर पडत नाही. तेव्हा तो आग्रह धरू नका. योनीतला स्राव कापडाने पुसून बाळाच्या तोंडाला लावण्याची जी टूम आहे, तिच्या तर वाटेलाच जाऊ नका. संशोधनाबाहेर हे करू नये असं अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २०१७मध्ये सांगितलं आहे. त्यातून हर्पिस, ग्रुप बी स्ट्रेप असं काहीही बाळाला मिळू शकतं, आणि वर म्हटल्याप्रमाणे खरे टिकाऊ जंतू तिथले नसतातच. फिनलंडमध्ये सिझरच्या सात बाळांना आईच्याच शौचाचा अतिशय सूक्ष्म अंश दुधातून देऊन पाहिला आणि त्यांचे जंतू नैसर्गिक प्रसूतीच्या बाळांसारखे झाले, हे खरं. पण त्यासाठी तयार झालेल्या १७ मातांची कसून तपासणी करून त्यातल्या सातच निवडल्या होत्या. घरी करायचा हा उद्योग नाही.

आता दूध. आईच्या दुधात दर लिटरला साधारण ५ ते १५ ग्रॅम अशा शर्करा असतात की ज्या बाळाला पचवताच येत नाहीत. दोनशेच्या आसपास प्रकार त्यांचे. दुग्धशर्करा आणि स्निग्धांशानंतर दुधात सर्वांत जास्त घन भाग याच शर्करांचा असतो. बाळाला न पचणारी वस्तू आई एवढ्या कष्टाने बनवते ती बायफिडोबॅक्टेरिया नावाच्या चांगल्या जंतूंसाठी. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आंरी तिसिये यांनी अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीमध्ये हे जंतू शोधले, त्याला सव्वाशे वर्षं झाली. या शर्करा खाऊन ते ॲसिटेट आणि लॅक्टेट ही आम्लं बनवतात, आतड्यात आंबटपणा येतो आणि त्या आंबट वातावरणात क्लेब्सिएला, ई. कोलाय यांचं फार चालत नाही. अंगावरच्या बाळाच्या शीला आंबूस वास येतो तो याचाच. एसटीतली जागा आधी कोणीही धरलेली असो, जेवण फक्त बायफिडोला मिळणार असेल तर बाकीचे फार काळ बसत नाहीत. नेदरलँड्समध्ये १२० आई-बाळांच्या जोड्यांवर झालेला २०२३चा अभ्यास हेच सांगतो. सिझरच्या बाळांना आईच्या शौचातले जंतू कमी मिळाले, पण दुधातून आलेल्या जंतूंनी ती तूट बरीच भरून काढली.

आणि इथेच तुमची शुगर आडवी येते. ही तिसरी वाट.

आईची शुगर जास्त असली की पोटातलं बाळ जास्तीचं इन्शुलिन बनवत असतं. नाळ कापली की साखरेचा पुरवठा थांबतो, पण बाळाचं इन्शुलिन लगेच कमी होत नाही. त्यामुळे पहिल्या काही तासांत बाळाची साखर उतरते. म्हणून आम्ही टाचेला टोचून थेंबभर रक्त घेतो आणि मोजतो. समजा आकडा ३८ आला, म्हणजे कमी. ऑपरेशन थिएटरमधून आई अजून बाहेर यायची आहे, भूल उतरलेली नाही, तिला दूध आलेलं नाही, असं सगळे गृहीत धरतात. नातेवाईक घाबरून दारात उभे. सिस्टरच्या हाताशी पावडरचा डबा असतो. पाच मिनिटांत वाटी-चमच्याने वरचं दूध बाळाच्या पोटात. साखर वर येते, सगळे निःश्वास टाकतात. पुढच्या वेळी पुन्हा तेच, कारण आता बाळ भरल्या पोटी झोपलेलं असतं आणि छातीला लावलं तरी ओढत नाही. तीन दिवसांनी डिस्चार्जच्या कागदावर पावडर लिहूनच घरी जातं. मधुमेह असलेल्या आयांना दूध भरून यायलाही थोडा उशीर लागतो, मग घरचे म्हणतात, ‘हिला दूधच नाही.’

सिझर, बाळाची साखर उतरणं, वरचं दूध, दूध उशिरा येणं ही सगळी साखळी आईच्या मधुमेहातून सुरू झालेली असते, आणि बाळाच्या आतड्यात कोण राहणार ते तिने ठरतं. रक्तदाब वाढलेल्या, रक्त कमी असलेल्या, अपुऱ्या दिवसांत बाळंत होणाऱ्या आयांच्या बाबतीतही थोड्याफार फरकाने असंच घडतं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतात जन्मानंतर तासाभरात छातीला लावलेली बाळं ४२ टक्क्यांच्या आत होती. एकूण सिझरचं प्रमाण तेव्हा २१.५ टक्के होतं. म्हणजे उशीर फक्त सिझरमुळे होत नाही, सवयीने होतो.

ही साखळी तोडता येते, आणि तुमच्याकडे तयारीला वेळ आहे.

३६ आठवडे पूर्ण झाले की रोज थोडा चीक हाताने काढून साठवता येतो. ऑस्ट्रेलियात मधुमेह असलेल्या ६३५ गर्भवतींवर याची चाचणी झाली, २०१७मध्ये ती प्रसिद्ध झाली. दिवसातून दोनदा, जास्तीत जास्त दहा मिनिटं. याने कळा लवकर सुरू होतील ही सगळ्यांची भीती होती. बाकी कोणती गुंतागुंत नसलेल्या स्त्रियांत तसं झालं नाही, आणि बाळांना एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) ठेवण्याचं प्रमाणही वाढलं नाही. आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. वार खाली असेल, रक्तस्राव झालेला असेल, आधी अपुऱ्या दिवसांची प्रसूती झालेली असेल, जुळं असेल तर हे करायचं नाही. चालेल म्हणाल्या तर हात स्वच्छ धुवून अंगठा आणि तर्जनी बोंडीभोवतीच्या काळ्या भागाच्या जरा मागे ठेवायची, छातीच्या दिशेने मागे दाबायचं आणि मग दोन्ही बोटं एकमेकांकडे आणायची. बोंडी ओढायची नाही. पहिल्या दिवशी काहीच येणार नाही किंवा पिवळसर चिकट थेंब बोंडीवर येऊन थांबेल. तो एक मिलिलिटरच्या सिरिंजने टिपून घ्यायचा. अर्धी सिरिंज भरली तरी उत्तम. बाळाला पहिल्या दिवशी एका वेळी लागतंच दोन ते दहा मिलिलिटर. तारीख लिहून फ्रीझरमध्ये ठेवा आणि दवाखान्यात जाताना बर्फाच्या डब्यातून न्या. ३८ आकडा आला तर सिस्टरच्या हातात पावडरऐवजी ती सिरिंज असेल. ज्या दवाखान्यात साखरेचं जेल गालाच्या आतून लावण्याची सोय असते तिथे त्याचाही उपयोग होतो. न्यूझीलंडच्या २०१३च्या चाचणीत ४० टक्के डेक्स्ट्रोजच्या जेलने पुष्कळ बाळांची वेळ निभावली आणि दोन आठवड्यांनी वरच्या दुधावर असलेली बाळंही त्या गटात कमी होती.

सिझर कमरेतल्या भुलेखाली झालं तर तुम्ही जाग्या असता. बाळ रडलं, श्वास नीट आहे, की टेबलावरच छातीवर ठेवा असं आधीच सांगून ठेवा. नुसतं गालाला गाल लावून फोटो काढणं वेगळं. उघड्या छातीवर, वरून कापड, तासभर. बाळाचं अंगही गरम राहतं आणि ते स्वतः शोधत शोधत ओढायला लागतं. हे भूलतज्ज्ञांशी आणि बालरोगतज्ज्ञांशी अगोदर बोलून ठेवा, ऐन वेळी कोणी ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतं. आणि साखर खरोखरच फार खाली गेली, बाळ सुस्त झालं, झटके आले, तर वरचं दूध किंवा सलाइन देताना आडकाठी करू नका. मेंदूला साखर लागते, जंतूंचं नंतर पाहता येतं. दोन दिवस वरचं दूध दिलं म्हणून काही संपत नाही. पुढे पूर्ण अंगावर आणता येतं आणि बायफिडोही परततात.

प्रोबायोटिक. तुम्ही घेऊ नका. गर्भारपणात प्रोबायोटिकने शुगर टळते का हे ऑस्ट्रेलियात वजन जास्त असलेल्या ४११ स्त्रियांवर तपासलं गेलं, टळली नाही. २०२१मध्ये अशा चाचण्यांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने घेतला. त्यात कॅप्सूल घेणाऱ्यांत प्रीएक्लॅम्प्सियाचा, म्हणजे गर्भारपणात रक्तदाब वाढून लघवीतून प्रथिनं जाण्याच्या आजाराचा धोका वाढलेला दिसला. तुम्हाला मधुमेहामुळे तो धोका आधीच थोडा जास्त आहे. घरचं दही, ताक खुशाल घ्या, ते अन्न आहे.

बाळाला थेंब द्यायचे का, याचं उत्तर मी जरा सांभाळून देतो, कारण यातलं सर्वांत गाजलेलं काम आपल्याच देशातलं आहे. ओडिशाच्या खेड्यांत ४,५५६ बाळांवर चाचणी झाली. लॅक्टोबॅसिलस प्लँटेरम या जंतूचं एक ठरावीक वाण आणि त्याला खाद्य म्हणून एक शर्करा, जन्मानंतर दोन-चार दिवसांत सुरू करून सात दिवस. जंतुसंसर्ग किंवा मृत्यू ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आला. २०१७मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा आम्ही सगळेच थक्क झालो. पण ती बाळं अंगावर पिणारी होती, दोन किलोच्या वरची होती, आणि ते वाण म्हणजे दुकानातलं कुठलंही पाकीट नव्हे. दुकानातल्या पाकिटात कोणतं वाण आहे, किती जिवंत आहे, नागपूरच्या मे महिन्यात गोदामात राहून त्यातलं काय उरलं, याची खात्री कोण देणार? २०२३मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अपुऱ्या दिवसांच्या बाळांना प्रोबायोटिक देण्याविरुद्ध इशारा दिला, तो एका बाळाच्या रक्तात प्रोबायोटिकचाच जंतू सापडून ते दगावल्यानंतर. पूर्ण दिवसांच्या, अंगावर पिणाऱ्या बाळाला मी लिहून देत नाही.

घरच्या गोष्टींबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण बारशाच्या आधीच त्या येणार. चीक ‘जड असतो’ म्हणून पिळून टाकू देऊ नका, त्यात या शर्करा आणि प्रतिपिंडं सर्वांत दाट असतात. मध चाटवायचा नाही, वर्षाच्या आत अजिबात नाही. त्यात बोटुलिझम या गंभीर आजाराच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि बाळाच्या आतड्यात ते उगवतात. बाळगुटी उगाळायची सहाण, ते पाणी, ती मुळी किती हातांतून आलेली असते ते बघा. सोनं उगाळून चाटवायचंच असेल तर सोनं बाळाच्या नावाने ठेवा, चाटवू नका. सासूबाई रागावल्या तर माझ्यावर ढकला.

तुमच्या जेवणात चोथा हवा, कारण तुमचे जंतू त्यावर जगतात. शुगरसाठी पथ्य चालूच आहे, त्यात वेगळं काही करावं लागत नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, मोड आलेली मटकी, हुलगे, पालेभाजी, शेंगांच्या भाज्या. अडचण येते ती बाळंतपणानंतर. मऊ भात, तूप, मेथीचे आणि डिंकाचे लाडू यावर बाळंतिणीला ठेवतात, आणि पालेभाजी बंद, का तर बाळाला हिरवी शी होईल. पालेभाजीने बाळाला हिरवी शी होत नाही. लाडवातला गूळ मात्र तुम्हाला मोजूनच खावा लागेल. सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोज घेऊन शुगर पुन्हा तपासा. लसीकरणाच्या धावपळीत हे हमखास राहून जातं. लोहाच्या गोळ्यांनी पोट बांधलं, शी काळी झाली तरी त्या सोडू नका.

शेवटचा प्रश्न, बाळाचे जंतू ठीक आहेत हे कळायचं कसं. बाळाच्या शीचा ‘मायक्रोबायोम रिपोर्ट’ काढून देणाऱ्या कंपन्या आहेत. पैसे वाचवा. पानभर रंगीत आलेख येतात, पण त्यावरून उपचार बदलावा असं त्यात आज काही नसतं. लंगोट बघा. पहिले दोन दिवस काळी, डांबरासारखी शी, तिसऱ्या दिवशी हिरवट, चौथ्या-पाचव्या दिवसापासून पिवळी, पातळ, बी असल्यासारखी. मग दिवसाला आठ-दहा वेळा झाली तरी चालतं, आणि दीड महिन्यानंतर चार-पाच दिवस झालीच नाही तरी बाळ मजेत असेल तर चालतं. एखाद्या दिवशी हिरवी झाली म्हणून औषध शोधू नका. दाखवायला न्यायचं ते वेगळ्या कारणांसाठी: पहिल्या २४ तासांत काळी शी झालीच नाही, शीत रक्त आलं, हिरवी उलटी झाली, बाळ पिईनासं झालं. आणि शीचा रंग पांढरट, खडूसारखा किंवा मातकट दिसला तर सव्वा महिना संपायची वाट बघू नका, त्याच दिवशी या. तो जंतूंचा प्रश्न नसतो, पित्तनलिकेचा असू शकतो, आणि त्याचं ऑपरेशन दोन महिन्यांच्या आत झालं तर जास्त यशस्वी होतं.